श्रेणी ते चेंबर : व्यापारी संघटना आणि आपली पत

व्यापार-उद्योगाची संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातील सभागृह आणि मोटारीतून उतरणारे कारखानदार उभे राहतात. आपला या गोष्टीशी संबंध तो काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. बौद्ध समाजाच्या दोन पिढ्या शिकून नोकरीत स्थिरावल्या. त्या नोकऱ्या आता कमी होत चालल्या आहेत आणि आपली मुले दुकान, वर्कशॉप, छोटे कंत्राट यांकडे वळत आहेत. अशा वेळी व्यापारी संघटना म्हणजे काय आणि ती गावाच्या अर्थव्यवस्थेला कसा आधार देते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या विषयाचा पहिला धडा आपल्याच लेण्यांत कोरलेला आहे.

नाशिकच्या लेण्यांतील ठेव

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. वास्तविक ती बौद्ध लेणी आहेत. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने हे लेणे भिक्खुसंघाला दान दिले आणि त्यासोबत 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव कोणाकडे ठेवली? राजाच्या खजिन्यात नव्हे, कोणा सावकाराकडेही नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांची संघटना. एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, तर दुसरीकडे 1000 कार्षापण दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते.

बँकेत काम करणाऱ्या माणसाला आकडा दिसला की पडताळून पाहण्याची सवय असते. 2000 वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही 240. हिशेबात कवडीची तफावत नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचेही लेखात म्हटले आहे.

याच लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी अशीच रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यांत कुंभार होते आणि तेली होते. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. तेथे धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच एक लेणे दान दिले आहे.

विणकर, कुंभार, तेली, बांबूकाम करणारे हे हाताने राबणारे लोक. त्यांच्यातला एकेकटा विणकर कदाचित गरीबच असेल. परंतु त्यांच्या संघटनेकडे राजघराण्यातील माणूस आपली रक्कम कायमची सोपवत होता. याला म्हणतात पत. माणूस मरतो, संघटना राहते. म्हणून तिच्यावर विश्वास टाकता येतो. पुढे जातिव्यवस्थेने कारागिराच्या हातात काम ठेवले, पण त्याची ही पत मात्र काढून घेतली. बांबूकाम करणारा बुरूड समाज आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, यावरून काय ते समजावे.

आधुनिक चेंबरचे कार्य

आधुनिक काळात मुंबईत 1836 साली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. त्यावर प्रामुख्याने युरोपियन व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. 1907 साली भारतीय व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढले आणि 1934 साली पुण्यात मराठा चेंबरची स्थापना झाली. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते त्यांनी आपापली संघटना उभारली, असा हा क्रम आहे.

चेंबर स्वतः धंदा करीत नाही. सभासदांचे प्रश्न ते सरकारपुढे मांडते, करांचे व कायद्यांचे बदल समजावून देते, प्रदर्शने भरवते, प्रशिक्षण देते, निर्यातदाराला माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला देते, आणि व्यापाऱ्यांतील तंटे कोर्टाबाहेर मिटवण्यास मदत करते. नवख्या उद्योजकाला तेथे गिऱ्हाईक भेटते, माल पुरवणारा भेटतो आणि मुख्य म्हणजे अनुभवी माणूस भेटतो.

याच क्रमात 2005 साली पुण्यात उद्योजक मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजेच डिक्की, या संस्थेची स्थापना केली. नोकरी मागणाऱ्यांनी नोकरी देणारे व्हावे, हा तिचा आग्रह. 2013 साली कांबळे यांना पद्मश्री मिळाली.

कायदा आहे, पण वापरणार कोण?

केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीतील 20 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी आणि त्यांतील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे ठरले. 2018 च्या दुरुस्तीने 20 चे 25 टक्के झाले. 4 टक्के कायम राहिले. परंतु टेंडर कोठे निघते आणि कागद कोणते लागतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या 4 टक्क्यांचा उपयोग काय?

2006 च्या कायद्यानुसार लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हा कायदा चांगला आहे. पण पुढचे काम हातचे जाईल या भीतीने एकटा पुरवठादार तक्रार करीत नाही. संघटना मात्र नाव न घेता शंभर जणांची तक्रार मांडू शकते.

स्टँड अप इंडिया योजना 5 एप्रिल 2016 रोजी सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका महिलेला नव्या उद्योगासाठी 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे, अशी ती योजना होती. मार्च 2025 मध्ये तिची मुदत संपली. या नऊ वर्षांत आपल्या वस्तीतून किती अर्ज गेले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. काऊंटरच्या आतल्या बाजूने मी पाहिले आहे की, आपला मुलगा येतो तेव्हा त्याच्या अंगी कसब असते. प्रकल्प अहवाल, विवरणपत्र आणि ओळख देणारा माणूस नसतो. कधी साहेब टाळाटाळ करतात, हेही खोटे नाही. पण पूर्ण कागद आणि पाठीशी संस्था असली की टाळणे अवघड होते.

धम्माची दृष्टी

येथे कोणी विचारील, बाबासाहेबांनी 1938 साली मनमाड येथे ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले होते. मग व्यापाराचा हा पुरस्कार कसा? प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांचा विरोध शोषणाला होता, कष्टाने मिळवलेल्या संपत्तीला नव्हता. बुद्धाला पहिले शरण गेलेले उपासक तपुस्स व भल्लिक हे व्यापारीच होते आणि अनाथपिंडिक श्रेष्ठीही होता. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला निषिद्ध आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी शिल्लक. आपण लग्नसमारंभात किती भाग घालतो, याचा हिशेब घरोघरी व्हावा. आणि आपला उद्योजक आपल्याच कामगाराला वेळेवर मजुरी देत नसेल, तर त्याच्या संघटनेला धम्माचे नाव शोभणार नाही.

आपण काय करावे?

यासाठी मोठा निधी नको. आपल्या संस्थेने चार कामे हाती घ्यावीत.

1. सभासदांपैकी कोण कोणता व्यवसाय करतो याची नोंदवही ठेवावी. इलेक्ट्रिशियन, शिलाई, फॅब्रिकेशन, खानावळ, सर्वांची.

2. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक तास उद्योजकांची बैठक घ्यावी. बँक, कर खाते वा लेखापालाच्या कार्यालयात काम करणाऱ्या सभासदांनी उद्यम नोंदणी व कर्जाचे कागद तयार करण्यास मदत करावी.

3. विद्यार्थ्यांनी संगणकावर टेंडर शोधून नोंदवहीतील माणसाला कळवावे. यातून त्यांचेही शिक्षण होईल.

4. थकलेल्या बिलांची माहिती गोळा करून संस्थेच्या नावाने पाठपुरावा करावा.

बाबासाहेबांनी शिकण्याबरोबर संघटित होण्यास सांगितले. आपण शिकलो, जयंतीलाही एकत्र येतो. पण मिळकतीच्या बाबतीत अजून प्रत्येकजण एकटाच आहे. गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव ठेवणाऱ्याने ती परत मागितली नव्हती. आज कोणी आपल्या संस्थेकडे तशी ठेव घेऊन आला, तर आपली हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवण्यासारखी आहे काय? ती तशी करणे हीच कामाची सुरुवात होय.

जय भीम.