दोन मदरबोर्डची तुलना कशी करावी?

प्रश्न : माझं कॉम्प्युटर असेम्बलीचं छोटं दुकान आहे. दोन मदरबोर्डपैकी चांगला कोणता, हे स्वतः मोजून ठरवायचं आहे. टेस्ट सिस्टीम कशी उभारू?

उत्तर : प्रोसेसर, रॅम, कूलर, एसएसडी, पॉवर सप्लाय तेच ठेवा, बदलायचा तो फक्त बोर्ड. दर वेळी विंडोज नव्याने टाका आणि बायोस अद्ययावत करा.

खरी मेख बायोसमध्येच आहे. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के ची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॉट. पण अनेक बोर्डांवर, विशेषतः जुन्या बायोसमध्ये, ती ४०९६ वॉट, म्हणजे जवळजवळ मोकाट सोडलेली असते. असा बोर्ड चाचणीत पुढे जातो, पण ती करामत सेटिंगची. म्हणून दोन्हीकडे मर्यादा हाताने सारखी लावा. एक्सएमपीही दोन्हीकडे सारखंच हवं. ते बंद राहिलं तर रॅम पाकिटावरच्या वेगाने धावत नाही.

एवढं केल्यावर वेगात फारसा फरक उरणार नाही. मग पाहायचं व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं, तापमान. सिनेबेंच आर२३ अर्धा तास सलग चालवा, सोबत तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. ही चाचणी बंद कॅबिनेटमध्येच करा, कारण टेबलावर उघडा ठेवलेला बोर्ड थंडच राहतो. वॉटर कूलर असेल तर व्हीआरएमला पंख्याचा वारा मिळत नाही, हेही ध्यानात घ्या. खोलीचं तापमान लिहून ठेवा. एकाच्या वेळी एसी आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, असं नको!

प्रत्येक चाचणी तीनदा करून मधला आकडा धरा. फरक टक्काभराचाच निघाला, तर जास्तीचा एम.२ स्लॉट असलेला बोर्ड निवडा.