चारही चाकांना जोर : गरज कोणाला?

बर्फाळ प्रदेशात हिवाळा आला की मोटार घेणाऱ्यांना एक प्रश्न पडतो : इंजिनाचा जोर दोन चाकांना पुरे, की चारही चाकांना हवा? आपल्या मराठवाड्यात बर्फ पडत नाही. पण पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल हाच प्रश्न आपल्यापुढे उभा करतो. तो आपण घर्षणाच्या नियमाने सोडवू.

चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता गाडीला पुढे ढकलतो. हे ढकलणारे बल म्हणजे घर्षण. त्याची कमाल मर्यादा = घर्षणांक × चाकावरील भार. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, त्यांच्यावरील भारच येथे उपयोगी पडतो.

समजा, गाडीचे वजन १,००० किलोग्रॅम आहे व ते चारही चाकांवर सारखे विभागले आहे. ओल्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.४ धरू. दोन चाकांना जोर असेल, तर कमाल बल ५०० × ०.४ = २०० किलोग्रॅम-भार. आता कन्नडहून चाळीसगावकडे जाताना लागणारा औट्रम घाट आठवा. डोंगरी रस्त्यांसाठी आपल्याकडे नेहमीचा चढ २० ला १ असा मानतात. असा चढ चढण्यास सुमारे ५० किलोग्रॅम-भार बल लागते. म्हणजे दोन चाके पुरून उरतात!

आता हीच गाडी पावसात शेताच्या वाटेवर न्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, निसरडी होते. घर्षणांक ०.२ धरा. चाके रुतल्यामुळे होणारा विरोध १५० किलोग्रॅम-भार धरा. दोन चाकांचे बल १००, म्हणून गाडी जागीच चाके फिरवीत बसेल. चार चाकांचे बल २००, म्हणून ती बाहेर पडेल. आपल्या देशात जोडणी होऊ लागलेली जीप खेड्यापाड्यांत उपयोगी ठरली, त्याचे एक कारण हेच.

परंतु येथे एक धोका आहे. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत दोन्ही गाड्या सारख्याच! थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). ताशी ६० किलोमीटर वेगाने कोरड्या रस्त्यावर (घर्षणांक ०.८) हे अंतर सुमारे १८ मीटर, तर ओल्या रस्त्यावर (०.४) सुमारे ३५ मीटर येते. वळणावर गाडीला आत खेचणारे बलही याच घर्षणातून मिळते. चारचाकी जोराची गाडी निसरड्या रस्त्यावर सहज वेग घेते. त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाच्या ध्यानातच येत नाही. अपघाताचे बीज येथे आहे.

मग निर्णय काय? रोज शहरात व हमरस्त्यावर फिरणाऱ्याने तो जादा पैसा, जादा वजन आणि जादा इंधन वाचवावे. टायर खोल खाचांचे ठेवावेत व पावसात वेग कमी करावा. पांदणीतून शेतावर जाणाऱ्याला मात्र चारही चाकांचा जोर खरोखर उपयोगाचा आहे. तरीही चिकट मातीने खाचा भरल्या, तर तोही निष्प्रभ होतो.

करून पाहा : फळीवर रबराचा तुकडा ठेवून फळी हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच फळीच्या टोकाची उंची व पायाची लांबी मोजा. उंची ÷ पाया = घर्षणांक. फळी कोरडी, ओली व चिखल लावलेली असताना तो किती येतो?