विद्यार्थी, मद्य आणि शेजारधर्म

१. प्रश्नाचे स्वरूप

म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम ही वस्ती विद्येच्या देवतेचे नाव धारण करते आणि ते नाव तिला शोभतेही. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाचे मानसगंगोत्री हे विस्तीर्ण आवार आणि कुक्करहळ्ळीचा तलाव या वस्तीच्या जवळच आहेत. परगावांहून शिक्षणासाठी आलेली मुले-मुली अशा वस्तीत वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. आईवडील दूर असल्यामुळे घरमालक, खानावळवाला, औषधविक्रेता, रिक्षाचालक हेच नकळत त्यांचे पालक होतात. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथील विद्यार्थीवस्त्यांचे चित्रही याहून वेगळे नाही.

मद्याचा पहिला पेला पुष्कळदा याच वयात, मित्रांच्या आग्रहाखातर ओठांना लागतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १४·६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी साहाय्याची गरज आहे. यांतील अनेकांच्या सवयीचे मूळ तारुण्याच्या आरंभी सापडते.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘अधिक सुरक्षित मद्यपान’ याचा अर्थ ‘मद्यपानास परवानगी’ असा नव्हे. न पिणाऱ्यावर कोणी सक्ती करू नये आणि पिणाऱ्याचा एका रात्रीच्या चुकीमुळे प्राण जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ होय.

२. मद्यार्काचे गणित

पोटात गेलेल्या मद्यार्काचा थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. त्याचे विघटन मुख्यतः यकृत करते. परंतु यकृताची गती ठरलेली असते. साधारणपणे तासाला दहा ग्रॅमांच्या आसपास मद्यार्काचाच ते निचरा करू शकते. थंड पाण्याने स्नान, कडक कॉफी किंवा लिंबू यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

भारतात मिळणाऱ्या व्हिस्की किंवा रम यांच्या ३० मिलिलिटरच्या एका मापात सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो. ‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ ही समजूत विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. ती गणिताला टिकत नाही. आठ टक्के तीव्रतेच्या बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीची चार मापे! साठ किलो वजनाच्या पुरुषाने अशी एक बाटली थोड्या वेळात रिकामी केली, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात मद्यार्काचे प्रमाण सुमारे १०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचू शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. रक्तातील प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे एका बाटलीनंतर पाच तासांच्या आत दुचाकीस हात लावणे धोक्याचे ठरते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील प्रमाण आणखी वाढते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पिणे थांबल्यानंतरही जठरात उरलेले मद्य रक्तात उतरतच राहते. यास्तव शुद्ध हरपलेल्या मित्राला ‘झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल’ असे म्हणून खोलीत एकटे सोडणे प्राणघातक ठरू शकते. मद्यार्क मेंदूतील श्वसनकेंद्रास मंद करतो, घशाची प्रतिक्षिप्त क्रिया दुबळी करतो, आणि उताण्या झोपलेल्या माणसाची ओकारी त्याच्याच श्वासनलिकेत शिरते.

३. उपदेश अपुरा का पडतो?

व्याख्याने आणि भित्तिपत्रके यांनी विद्यार्थ्यास माहिती मिळते; पण तो ज्या परिस्थितीत पितो ती परिस्थिती बदलत नाही. मद्य कोठे, किती सहज आणि कोणाच्या देखत मिळते, यावर त्याचे वर्तन बरेचसे अवलंबून असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चौदा सार्वजनिक विद्यापीठांवर या विचाराची परीक्षा घेण्यात आली. निम्म्या विद्यापीठांभोवती नागरिक, पोलीस आणि विद्यापीठ यांनी मिळून काही उपाय योजले: अल्पवयीनांना मद्य विकणाऱ्या दुकानांची तपासणी, मद्य पिऊन वाहन चालविणाऱ्यांची रस्त्यावर पाहणी, आणि घरगुती मेजवान्यांतील गोंधळाची जबाबदारी यजमानावर टाकणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे हे उपाय योजले तेथे मेजवान्यांत आणि मद्यालयांत झिंगेपर्यंत पिण्याचे प्रमाण इतर विद्यापीठांच्या तुलनेने घटले.

लोकांनी एकत्र येऊन मद्यासंबंधी निर्णय घेणे महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनातून १९९३ साली दारूबंदी आली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने अनेक गावांतील स्त्रियांनी दुकाने बंद पाडली. विद्यार्थीवस्तीचा प्रश्न खेड्यातील दारूबंदीहून निराळा असला, तरी ‘हे आमच्या दारातले आहे, तेव्हा आमचे आहे’ ही भावना दोन्हीकडे तीच असावी लागते.

साहाय्य देण्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञ डॉक्टरच हवा, असेही नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य सल्लागारांनी त्यांच्याशी मोजक्या बैठकींत संवाद साधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन महिन्यांनंतर सल्ला मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान हानिकारक पातळीच्या खाली आले. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते.

४. वस्तीने काय करावे?

पहिले कर्तव्य विक्रेत्याचे. कर्नाटकाच्या १९६७ च्या अबकारी नियमांनुसार २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकता येत नाही. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. दुकानदाराने वयाचा दाखला पाहिलाच पाहिजे आणि तो पाहतो की नाही, याकडे रहिवासी मंडळाने लक्ष ठेवले पाहिजे.

दुसरे कर्तव्य घरमालकाचे. खोली देतानाच नियम स्पष्ट सांगावेत. परंतु अडचणीच्या वेळी रात्री दोन वाजताही दार ठोठावता येईल, असा विश्वासही द्यावा.

तिसरे आणि सर्वांत कठीण कर्तव्य महाविद्यालयाचे. मित्र बेशुद्ध पडला असता मुले रुग्णवाहिका बोलावीत नाहीत, ती बहुधा निष्काळजीपणाने नव्हे, तर वसतिगृहातून काढून टाकले जाईल या भीतीने. शिस्त राखण्यासाठी केलेला नियमच अशा वेळी जिवावर उठतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली असा नियम केला की, मद्याच्या विषबाधेत मदत मागणाऱ्यास व रुग्णास त्या प्रसंगापुरती शिस्तभंगाची शिक्षा होणार नाही. त्यानंतर मदतीसाठी येणाऱ्या हाकांत वाढ झाली. ‘आधी रुग्णालय, मग चौकशी’ हे वाक्य प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर असावे.

चौथे कर्तव्य मित्रांचे. हाक मारूनही जाग न येणे, मिनिटाला आठांहून कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर, थंडगार किंवा निळसर त्वचा, वारंवार ओकारी, झटके—यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ वर दूरध्वनी करावा. रुग्णास कुशीवर वळवून ठेवावे. त्यास ओकारी काढावयास लावू नये, काही पाजू नये आणि क्षणभरही एकटे सोडू नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहेत.

या उपायांना मोठा खर्च लागत नाही. दुकानदार, घरमालक, प्राचार्य आणि मित्र यांपैकी प्रत्येकाने आपापला वाटा उचलला, तर कोणा एकावर भार पडत नाही. दूर गावी राहणारी आई आपले मूल ज्या वस्तीच्या स्वाधीन करते, त्या वस्तीने त्या मुलाचे रात्रीपुरते तरी पालकत्व पत्करावे. यालाच आपल्याकडे शेजारधर्म म्हणतात.