हाड जुळलं, पण सांध्याचं काय?

प्लास्टर निघालं, एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं, की दुखणं संपलं असं आपण धरून चालतो. नडगी मधोमध मोडली असेल तर ते बरंचसं खरंही असतं. पण तडा सांध्याच्या आत उतरला असेल, तर हाड जुळणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं एक्सरेत दिसत नाही, आणि म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

मानसरोवर स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना एका गाडीचा बंपर माझ्या डाव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने लागला. गाडीला वेग फारसा नव्हता, साधं खरचटलंही नव्हतं. पण घरी येऊन तास होतो न होतो तोच गुडघा टम्म फुगला. पहिल्या दवाखान्यात एक्सरे काढला आणि "हाड ठीक आहे, मुका मार आहे" असं सांगून घरी पाठवलं. मुका मार म्हटल्यावर घरात सगळे निर्धास्त झाले. चोळून देणाऱ्या एका हाडवैद्याचा नंबरही आला. माझ्या नवऱ्याला मात्र चैन पडेना. पाय जमिनीला टेकवता येत नाही आणि म्हणे मुका मार, असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारलं, सूज किती वेळात आली? रात्रभरात हळूहळू आलेली सूज बहुधा पाण्याची असते. तास-दोन तासांत गुडघा फुगला तर आत रक्त साठल्याचा संशय घ्यायचा. त्यांनी सुईने ते काढलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ओतून मला दाखवलं. लाल रक्तावर तेलासारखे चकचकीत थेंब तरंगत होते. "ही हाडाच्या मगजातली चरबी आहे," ते म्हणाले. "ती सांध्यात आली म्हणजे हाडाचा तडा सांध्यात उघडलाय." सीटी स्कॅनमध्ये ते स्पष्टच झालं. नडगीचं वरचं टोक, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, ते बाहेरच्या बाजूने खचलं होतं.

हाडाच्या या टोकावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. पायावर वजन पडलं की तो स्पंजासारखा दाबला जातो, वजन सुटलं की सांध्यातलं वंगण पुन्हा शोषून घेतो, आणि त्यातूनच त्याचं पोषण होतं. रक्तच पोचत नसल्यामुळे हाडासारखा तो भरून येत नाही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 सालीच नोंदवून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही. आजही मूळ प्रतीची कूर्चा पुन्हा उगवून देणारं औषध नाही. गुडघ्यातलं 'ग्रीस' वाढवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना म्हणूनच भुलू नका.

नुकसान दोन वाटांनी होतं. पृष्ठभाग खचून पायरी पडली, की त्या कडेवर वजन एकवटतं आणि कूर्चा तिथेच झिजत जाते. दुसरी वाट जास्त फसवी आहे: धडक बसते त्या क्षणीच कूर्चेतल्या काही पेशी मरतात, आणि साठलेलं रक्त व सूज उरलेल्यांना त्रास देतात. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी धोका शून्यावर येत नाही. माझा खचलेला भाग खालून वर उचलला, पोकळीत कमरेच्या हाडाचा तुकडा भरला, वर प्लेट आणि स्क्रू. काम चोख झालं. तरीही काही वर्षांनी जिना उतरताना गुडघा बोलू लागला, संध्याकाळी सूज दिसू लागली, आणि उभं राहून काढलेल्या एक्सरेत बाहेरच्या बाजूची फट कमी झालेली निघाली. साठीतला संधिवात चाळिशीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार त्रास देणाऱ्या झिजेच्या संधिवातापैकी सुमारे 12 टक्के जुन्या दुखापतीतून आलेला असतो. घोट्यात तर बहुतेक संधिवात जुन्या दुखापतीचाच, म्हणून 'पाय मुरगळलाय' म्हणत दुखणं अंगावर काढू नका.

शस्त्रक्रियेनंतर मला सांगितलं होतं: तीनेक महिने वजन टाकायचं नाही, पण गुडघा वाकवायचा मात्र लगेच सुरू करायचा. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे विपरीत वाटलं. "अगं, हाड जुळेपर्यंत हलवू नकोस," शेजारच्या काकू अगदी कळवळून सांगत. पण टोरांटोचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970च्या दशकात सशांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की सतत हलत्या ठेवलेल्या सांध्यातली जखमी कूर्चा जखडून ठेवलेल्या सांध्यापेक्षा चांगली भरते. अर्थात हलवायचं किती आणि केव्हापासून, हे आपला मोड बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. प्लास्टर आवश्यक असेल तर ते घालावंच लागतं. फक्त विचारा: मोड सांध्यात आहे का, पायरी उरली आहे का, हालचाल कधीपासून?

चोळणं मात्र अजिबात नको. खचलेलं हाड आणखी सरकतं. आणि नडगी दगडासारखी ताठ होऊन पायाची बोटं हलवताना असह्य कळ आली, मुंग्या आल्या, तर सकाळची वाट बघू नका. आतला दाब वाढून स्नायू मरू शकतात; ही तासांची शर्यत असते. कामोठ्यात एमजीएमचं रुग्णालय आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. रात्री जायचं कुठे, हा प्रश्न आपल्या भागात तरी पडू नये.

पुढच्या वर्षांत सर्वांत उपयोगी पडली ती मांडीच्या स्नायूंची ताकद आणि आटोक्यात ठेवलेलं वजन. शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं जाड प्रौढांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. मी मांडी घालून बसणं सोडलं, कमोड बसवला, चालणं मात्र सोडलं नाही. चालणं बंद केलं की स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. दुखत नसलं तरी वर्षा-दोन वर्षांनी उभं राहून एक्सरे काढून घ्या, आधीच्याशी ताडून बघा.

आणि शस्त्रक्रियेची कागदं जपा: सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड, प्लेट-स्क्रूचा कंपनीचा स्टिकर. पुढे सांधा बदलायची वेळ आलीच, तर आत कुठली प्लेट आहे आणि ती कुठल्या अवजारांनी निघेल, हे सर्जनला त्यावरूनच आधी कळतं.