मोटारसायकलची बॅटरी पेटी घरी कशी बनवाल?

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत जुन्या घडणीच्या जावा, येझदी, राजदूत गाड्या हौसेने सांभाळणारे लोक आजही आहेत. यातील बऱ्याच गाड्यांत मुळात ६ व्होल्टची बॅटरी असे. गाडी १२ व्होल्टवर करून घेतली की नवी बॅटरी जुन्या पेटीत बसत नाही. काही गाड्यांत सांडलेल्या ॲसिडने पेटीचा तळच खाल्लेला असतो. अशा वेळी मापाप्रमाणे नवी पेटी बनवावी लागते. एका पेटीचे काम मोठ्या कारखान्याला परवडत नाही. म्हणूनच गॅरेजमध्ये हात बसलेल्या तरुणाला ते मिळू शकते. काम छोटे असले तरी पेट्रोलच्या टाकीजवळचे आहे. निष्काळजीपणे केल्यास गाडी पेट घेऊ शकते. म्हणून ते नीट समजून घ्यावे.

साहित्य व अवजारे

१.२ मि.मी. जाडीचा, म्हणजे १८ गेजचा सी.आर. पत्रा, ३ मि.मी. जाडीचे रबर, ६ मि.मी.चे नटबोल्ट व वॉशर. अवजारांत पत्र्याची कात्री, गुण्या, मोजपट्टी, आखणी सुई, सेंटर पंच, हँड ड्रिल, कानस, लाकडी हातोडा आणि व्हाइस एवढे पुरे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेऊ नये. वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेल्यास थंडीताप भरतो.

आखणी

बॅटरी स्वतः मोजावी, ऐकीव मापावर विसंबू नये. समजा, बॅटरी १२० मि.मी. लांब, ६० रुंद आणि १३० उंच आहे. चारही बाजूंना रबर व थोडी सैल जागा धरून पेटी आतून १३० बाय ७० ठेवावी. भिंती ८५ मि.मी. उंच पुरतात. बॅटरीचा वरचा भाग उघडा राहिला की टर्मिनल पत्र्यापासून दूर राहतात आणि ॲसिडची पातळीही दिसते. या हिशेबाने ३०० बाय २४० मि.मी.चा तुकडा लागतो.

आधी पुठ्ठ्याची पेटी करून गाडीवर बसवून पाहावी. सीट बसते का, बाजूचे झाकण लागते का, वायरी ताणल्या जातात का, हे तपासावे. पुठ्ठा फुकट गेला तर चालतो, पत्रा गेला तर नुकसान.

कापणे व वाकवणे

तळाच्या चारही कोपऱ्यांवर ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे वाकवताना पत्रा फाटत नाही. मग कोपऱ्यांचे चौकोन कापावेत. मात्र आखूड भिंतींच्या दोन्ही कडांना जोडासाठी १२ मि.मी.च्या पट्ट्या ठेवाव्यात. कानसेने सर्व कडा मारून घ्याव्यात.

१३० बाय ७० मापाचा लाकडी ठोकळा तळावर ठेवून व्हाइसमध्ये घट्ट धरावा. प्रथम लांब भिंती वाकवाव्यात, नंतर आखूड. जोडपट्ट्या लांब भिंतींच्या बाहेरून बसतात, म्हणून त्यांची घडीची रेघ पत्र्याच्या जाडीएवढी बाहेर घ्यावी. जोडाला वेल्डिंगचे टाके पुरतात. घरी वेल्डिंगची सोय नसल्यास शिवाजी उद्यमनगरात जाऊन टाके मारून घ्यावेत. पेटी गाडीवर असताना वेल्डिंग कधीही करू नये.

तळाला ६ मि.मी.ची दोन भोके ठेवावीत. पावसाचे पाणी तेथून निघून जाते. नंतर आतून-बाहेरून रेड ऑक्साइड व त्यावर इपॉक्सी रंग द्यावा. साधा ऑइल पेंट ॲसिडपुढे टिकत नाही.

बसवताना घ्यावयाची काळजी

बहुतेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक चेसीला जोडलेले असते. पेटीही चेसीलाच बोल्टने आवळलेली असते. म्हणजे धन टोक पेटीला टेकले की थेट शॉर्ट सर्किट होते आणि क्षणात वायर लाल होते. यासाठी तळाला व चारही भिंतींना रबर लावावे, धन टर्मिनलवर रबरी टोपी घालावी आणि बॅटरीजवळच फ्यूज ठेवावा. बॅटरी काढताना ऋण वायर आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरी रबरी पट्ट्याने घट्ट बांधावी. ॲसिडच्या बॅटरीची वाफनळी पेटीच्या खाली, साखळी व सायलेन्सरपासून दूर सोडावी. जुन्या जागेवरील ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन मगच नवी पेटी बसवावी.

मूळ ब्रॅकेटची भोकेच वापरावीत. चेसी कापू नये, तिला भोक पाडू नये. नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही.

हिशेब

या मापाच्या तुकड्याला पाऊण किलोपेक्षा कमी पत्रा लागतो. आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यातून असे ४० तुकडे निघतात. परंतु पहिल्याच दिवशी अख्खा पत्रा विकत घेऊ नये. कातरणीतून उरलेले तुकडे घेऊन चार-पाच पेट्या बनवाव्यात व प्रत्येक पेटीला किती तास लागले ते वहीत लिहावे. पत्रा, रबर, रंग, वेल्डिंग आणि स्वतःची मजुरी अशी बेरीज करून दर ठरवावा. अनेक होतकरू कारागीर स्वतःची मजुरी हिशेबात धरत नाहीत आणि काम भरपूर असूनही तोट्यात जातात.

गाडीचे नाव, साल आणि माप लिहून प्रत्येक पुठ्ठ्याचा नमुना जपून ठेवावा. त्याच गाडीचे दुसरे गिऱ्हाईक आले की निम्मे काम आधीच झालेले असेल. पुढे ज्याला या कामात रीतसर शिक्षण घ्यावेसे वाटेल, त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीट मेटल वर्कर हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.