कटलेट मऊ पडतात, हा दोष खाऱ्या हवेचा का?

प्रश्न : आमच्या वाडीत शनिवार-रविवारी मुक्कामाला पाहुणे असतात. संध्याकाळच्या चहाबरोबर मी व्हेज कटलेट देते. कढईतून काढताना ती छान कुरकुरीत असतात, पण मांडवाखालच्या टेबलावर जाईपर्यंत मऊ पडतात. हीच कृती पुण्याला बहिणीकडे केली की कुरकुरीत राहतात. सासूबाई म्हणतात, समुद्राच्या खाऱ्या हवेपुढे इलाज नाही. मी सारणात कॉर्नफ्लोअर वाढवून पाहिलं, मंद आचेवर जास्त वेळ तळून पाहिलं. खरंच इलाज नाही का?
– एक वाचक भगिनी, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : इलाज आहे, आणि तो फारसा अवघडही नाही. सासूबाईंचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. नागावची हवा दमट, आणि दमट हवेत कुरकुरीत काही टिकत नाही, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. पण या प्रकरणात हवेवर येतो तितका आळ तिच्यावर येऊ नये. स्वयंपाकघरातून मांडवापर्यंत जायला लागतात पाच-सात मिनिटं. ऐन पावसाळ्यात उघडा ठेवलेला तळलेला पापडही एवढ्यात पुरता सादळत नाही. मग कटलेट मऊ करणारं पाणी येतं कुठून? ते कटलेटच्या आतूनच येतं.

कुरकुरीतपणा म्हणजे काय, ते आधी पाहू. गरम तेलात कटलेटला बाहेरून लावलेल्या पावाच्या चुऱ्यातलं पाणी वाफ होऊन उडून जातं. त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि कोरडा झालेला स्टार्च कडक, ठिसूळ होतो. या कवचात थोडं जरी पाणी परत शिरलं तरी ते आधी चिवट आणि मग मऊ होतं. कवचाच्या आत मात्र उकडलेल्या बटाट्याचा ओला गोळा आहे, आणि बटाट्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. कढईतून काढल्यावरही हा गोळा बराच वेळ वाफ सोडत राहतो. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली तर ती उडून जाते. नाही मिळाली तर ती कवचातच थंड होऊन पाणी बनते.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट विचारतो. कटलेट मांडवाखाली कशातून जातात? गरम राहावीत म्हणून झाकणाच्या डब्यातून, खाली कागद घालून, एकावर एक रचून जात असतील, तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. बंद डब्यात वाफ कोंडते, झाकणाला थेंब धरतात आणि कवच भिजतं. तुमच्याकडे सुरमईची रवा लावलेली तुकडी कोणी डब्यात झाकून ठेवत नाही, तव्यावरून थेट ताटात वाढतात. कटलेटलाही तोच न्याय लावा. पुण्याला बहिणीकडे बहुधा मंडळी ओट्याजवळच उभी राहून एकेक उचलत असतील!

म्हणून कढईतून काढलेली कटलेट तारेच्या जाळीवर, सुटी सुटी ठेवा. तेल मुरतं ते तळतानाच, असा सर्वसाधारण समज आहे. तळताना खरं तर वाफ जोराने बाहेर येत असते आणि तेलाला आत शिरू देत नाही. कटलेट बाहेर काढलं की वाफेचा जोर ओसरतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे झाऱ्यात धरून कढईच्या वरच दोन-चार वेळा हलकेच झटकणं फार उपयोगाचं ठरतं. वर्तमानपत्राचा कागद मात्र अजिबात नको. त्याची शाई खाण्यात उतरते, आणि तसा कागद वापरू नये अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच दिली आहे.

यानंतरचं काम आतलं पाणी कमी करण्याचं. मला विचाराल तर कटलेट जमतं की फसतं हे सारणातच ठरतं, कढईत नाही. बटाटे चिरून कुकरमध्ये पाण्यात उकडले की कापलेल्या बाजूंनी पाणी पितात. ते सालासकट, अख्खे उकडा. जमलं तर पाण्यात न बुडवता वाफेवर शिजवा. सोलून ताटात पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार होताना वाफ निघून जाते आणि शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून गार बटाट्याची कटलेट आकार धरतात. बटाटा किसणीवर किसा किंवा हाताने हलकेच कुस्करा. खूप मळलात तर त्यातला स्टार्च सुटून सारण गोंदासारखं चिकट होतं. नवे, पातळ सालीचे बटाटे जास्त ओले असतात, कटलेटला जुने बरे.

भाज्यांचंही तसंच. गाजर, फरसबी, कोबी बारीक चिरून मीठ लावलं की दहा-पंधरा मिनिटांत पाणी सुटतं. ते पाणी कटलेट वळल्यावर सुटण्यापेक्षा आधी सुटलेलं चांगलं. भाज्या पिळून घ्या आणि थोड्या तेलात कोरड्या होईपर्यंत परता. आगगाडीच्या कटलेटसारखा लाल रंग हवा म्हणून बरेच जण बीट घालतात. चव छान लागते, पण बीटही पाणीदार असतं. ते किसून आणि घट्ट पिळूनच वापरा. शिवाय त्याच्या रंगामुळे चुरा किती तांबूस झाला याचा अंदाज चुकतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं नाव मोठं आहे आणि तो गोडसर आहे, पण सारणात कच्चा घालू नका. तो चिरून, लिंबू पिळून सोबत द्या.

तुमच्या वाडीत केळी असतील तर माझी एक आवडती सूचना आहे. निम्म्या बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं घाला. त्याने सारण घट्ट बांधलं जातं आणि पाहुण्यांना काहीतरी इथलं खाल्ल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात ताजे वालाचे दाणे शिजवून, निथळून घातलेत तर आणखी बहार. तरीही सारण सैल वाटलं, तर कोरडे पोहे मिक्सरमधून जाडसर फिरवून मूठभर मिसळा आणि दहा मिनिटं थांबा. पोहे पाणी शोषून घेतात.

कॉर्नफ्लोअरचा गैरसमज इथेच मोडून काढू. ते सारणात घातल्याने बाहेरचं कवच कुरकुरीत होत नाही. आत ते पाणी धरून ठेवतं आणि चिकटपणा वाढवतं. त्याची जागा आहे बाहेरच्या घोळात. दोन वाटे मैदा, एक वाटा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि पाणी. घोळ दाट ताकाइतका पातळ हवा. तो फार घट्ट झाला तर चुरा आणि सारण यांच्यामध्ये पिठाचा एक जाड, कच्चट थर राहतो. कटलेट आधी कोरड्या मैद्यात फिरवा, जादा पीठ झटका, मग घोळात बुडवून चुऱ्यात घोळवा. कोरड्या पिठाशिवाय घोळ नीट धरत नाही आणि तळताना कवच सुटून येतं.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण पावाच्या चुऱ्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा कोरडी असते, तर पावसाळ्यात तुमच्याकडची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. डबा रोज उघडला की चुरा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि तळण्याआधीच मऊ झालेला असतो. तळणीत आधी तो ओलावा घालवण्यातच वेळ जातो. म्हणून वापरण्यापूर्वी चुरा कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडा भाजा आणि गार करून घ्या. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त हाताला खरखरीत लागला पाहिजे. चुऱ्याला शिळा लादीपाव उत्तम. गोड टोस्ट किंवा मिल्क ब्रेड टाळा. त्यांतली साखर लवकर करपते आणि कवच कोरडं होण्याआधीच कटलेट लाल दिसायला लागतं. पावसाळ्यात मी तर निम्मा चुरा आणि निम्मा बारीक रवा असं मिश्रण सुचवेन. मासे तळताना तुमच्याकडे रवा वापरतातच. त्याचा कण कठीण असतो, लवकर नरमत नाही.

कटलेट वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीत, हा सल्ला बरोबरच आहे, त्याने कवच घट्ट बसतं. पण किनाऱ्यावर एक काळजी घ्यावी लागते. गार कटलेट दमट हवेत बाहेर काढून ठेवलीत तर त्यांवर दव धरतं. तेल तापल्यावरच फ्रिज उघडा, आणि लागतील तेवढीच काढा.

राहिली आच. मंद आचेवर जास्त वेळ तळलं की कडक होतं, हे शेवेला किंवा चकलीला लागू पडेल, कारण तिथे आतपर्यंत कोरडं करायचं असतं. कटलेटचं आतलं सारण आधीच शिजलेलं आहे. फक्त बाहेरचा थर झटपट कोरडा व्हायला हवा. तेल 170 ते 180 अंश सेल्सियस तापलेलं हवं. तापमापक नसला तर चुऱ्याची चिमूट टाका. ती लगेच फसफसून वर आली तर तेल तयार आहे. तळाशी बसली तर थांबा, टाकताच काळी पडली तर आच कमी करा. कमी तापलेल्या तेलात वाफेला जोर नसतो, त्यामुळे चुरा तेल पितो आणि कटलेट फुटण्याचीही भीती असते. एका वेळी तीन-चारच सोडा, कारण गार कटलेटची गर्दी झाली की तेलाचं तापमान झपाट्याने उतरतं. तीन-चार मिनिटांत काम होतं. तेल शेंगदाण्याचं किंवा कुठलंही रिफाइंड चालेल. घरच्या घाण्याचं खोबरेल चवीला सुरेख असलं तरी 175 अंशांच्या आसपासच धुरकटायला लागतं, तेव्हा ते तळणीला घेऊ नका.

शनिवारी दहा खोल्यांचे पाहुणे एकदम आले की हे सगळं कसं जमवायचं, असं तुम्ही म्हणाल. तळून ठेवू नका, घोळवून ठेवा. शुक्रवारी कटलेट चुऱ्यात घोळवून ताटात सुटी सुटी गोठवा आणि मग हवाबंद डब्यात भरून फ्रीझरमध्येच राहू द्या. तळताना वितळवायची नाहीत. आच थोडी कमी ठेवून गोठलेलीच तेलात सोडा आणि दोन मिनिटं जास्त द्या. अशी कटलेट महिनाभर सहज टिकतात.