हिशेबाची वही आपल्याच संगणकावर
स्वतःचा सर्व्हर उभारू इच्छिणाऱ्या व्यापारी व कारागिरांसाठी

समजा, जरीपटक्याच्या बाजारात आपले तयार कपड्यांचे दुकान आहे. कापड दुकानातून जाते, शिलाई टेका नाक्याला होते आणि जरीकाम मोमिनपुऱ्यात. कोणाकडे किती मीटर कापड गेले, किती नग परत आले, कोणाची मजुरी बाकी आहे, हे सारे मालकाच्या मोबाईलमधील एखाद्या ॲपमध्ये असते. उद्या त्या कंपनीने दर वाढविले किंवा धंदा गुंडाळला, तर वही कोणाच्या हातात राहील? त्या वहीत कारागिराच्या घामाचा पैसाही लिहिलेला असतो. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून वही आपल्या ताब्यात कशी ठेवता येईल, ते समजून घेणे फायद्याचे आहे.

कोणती प्रणाली?

मुंबईच्या रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायात आलेल्या अडचणींतून ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली तयार केली. त्यांची फ्रॅपे ही कंपनी ती चालविते. प्रणाली मुक्त परवान्याची आहे, म्हणजे ती कोणीही विनामूल्य घेऊन आपल्या संगणकावर बसवू शकतो. खरेदी, विक्री, साठा, उधारी व खतावणी एकाच ठिकाणी होते. जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हा जोडभाग वेगळा बसवावा लागतो, हे विसरू नये.

कारागिरांकडून काम करून घेणाऱ्यांना यात एक मोठी सोय आहे. प्रत्येक कारागिराच्या नावाने एक गोदाम उघडता येते. ४० मीटर कापड दिले की ते दुकानाच्या साठ्यातून वजा होऊन त्याच्या गोदामात दिसते, आणि तयार माल आला की तेथून कमी होते. कलम १४३ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने कर न भरता मजुरीकामास पाठविलेला कच्चा माल साधारणतः एक वर्षात परत यावा लागतो. ही तारीखही त्यामुळे नजरेसमोर राहते. कारागिराला वेगळे खाते देऊन त्याच्या नावाच्या नोंदी त्याला दाखविता येतात. ‘तुम्ही कमी लिहिले’ हा वाद तेथेच मिटतो.

उभारणीच्या पायऱ्या

१) संगणक : किमान ४ जीबी मेमरी हवी, ८ असल्यास उत्तम. जुना चालू स्थितीतील संगणक चालतो, मात्र त्यात नवी एसएसडी डिस्क बसवावी. तो बंद माळ्यावर ठेवू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हवा खेळती पाहिजे. यूपीएस आवश्यकच, कारण नोंद चालू असताना वीज गेली तर डेटा बिघडू शकतो.

२) पाया : संगणकावर उबुंटू किंवा डेबियन ही विनामूल्य लिनक्स प्रणाली टाकावी. त्यावर ‘डॉकर’ बसवावे. डॉकर म्हणजे बंद डब्यांची मांडणी समजा : प्रणाली एका डब्यात, तिचा डेटाबेस दुसऱ्या डब्यात. एक डबा बदलला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

३) चाचणी : फ्रॅपेने डॉकरसाठी तयार मांडणी दिलेली आहे. तिच्यात चाचणीची एक फाईल असते. ती चालविली की थोड्या वेळात प्रणाली सुरू होते. या फाईलमधील मूळ पासवर्ड जगजाहीर आहे, म्हणून तिच्यावर खरा हिशेब लिहू नये. पंधरा दिवस खोट्या नोंदी करून हात बसवावा. मग जीएसटीच्या जोडभागासह पक्की मांडणी, नव्या पासवर्डने, जाणकाराकडून करून घ्यावी.

४) आधी दुकानापुरते : सुरुवातीला सर्व्हर दुकानाच्या वायफायपुरताच ठेवावा. गल्ल्यावरचा संगणक आणि मालकाचा मोबाईल जोडले की काम भागते. बाहेरच्या चोराला दारच नसते.

५) बाहेरून गरज असल्यास : अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून दुकानातील सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी दोन मार्ग आहेत. मालक व कामगार एवढेच वापरणारे असतील तर ‘वायरगार्ड’सारखा खाजगी बोगदा करावा. त्यासाठीही बाहेर एक लहान भाड्याचा सर्व्हर मध्यस्थ म्हणून लागू शकतो. वापरणारे जास्त असतील तर देशातीलच डेटा सेंटरमध्ये पूर्ण सर्व्हर भाड्याने घ्यावा, आपले डोमेन नाव नोंदवावे आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे मोफत प्रमाणपत्र लावावे. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था करावी. डेटाबेसचे दार बाहेर कधीही उघडे ठेवू नये.

खरी कसोटी : बॅकअप

येथेच बहुतेकांची चूक होते. प्रणाली बॅकअप घेते, पण तो त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवते. डिस्क जळाली की वही आणि नक्कल दोन्ही गेल्या. दुसरे असे की, साध्या बॅकअपमध्ये बिलांचे फोटो व जोडलेली कागदपत्रे येत नाहीत. ‘फाईलींसह’ हा पर्याय निवडावा लागतो. सोबत साइटच्या सेटिंगची फाईलही जपावी, कारण साठविलेले पासवर्ड उघडण्याची किल्ली तिच्यातच असते.

नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुकानाबाहेर. रोज रात्री एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जावी, आणि आठवड्यातून एकदा दुसरी डिस्क घरी न्यावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या आठवड्याचे एक बिल शोधावे. बिल सापडले तरच बॅकअप आहे असे समजावे.

कोणी करावे, कोणी थांबावे?

प्रणाली विनामूल्य असली तरी देखभाल विनामूल्य नाही. दर महिन्याला काही तास सुधारणा व तपासणीसाठी द्यावे लागतात. घरात किंवा ओळखीत संगणक शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे व त्याचा योग्य मोबदला द्यावा. मुख्य पासवर्ड मात्र लिहून तिजोरीत ठेवावा, एकाच माणसाच्या डोक्यात नको. तसा माणूस नसेल तर सध्याचे ॲप चालू द्यावे, पण दर महिन्याला त्यातील सर्व नोंदी उतरवून आपल्याजवळ ठेवाव्यात. एवढे तर आजच संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी करता येईल.